सुलभ टब, सुधारित नमुना सात

सार्वजनिक सुविधा विभागातल्या आरेखकाच्या आईला एकटीने अंघोळ करायची होती. आत जाऊन, दार लावून, कडी घालून. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, खुब्याच्या ऑपरेशनला आठ महिने झालेले आणि हातात चार पायांची काठी. दवाखान्यातून घरी आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलाने न्हाणीघराच्या दाराची आतली कडी स्क्रू काढून उतरवली होती. तेव्हापासून रोज सकाळी सून तिला स्टुलावर बसवून अंघोळ घालत असे. सून मायाळू होती, पाणीही बेताचं गरम असायचं. पण आईने छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं, वर्गच्या वर्ग नुसत्या नजरेने गप्प बसवले होते, आणि आता तिलाच रोज कुणीतरी "हात वर करा हं" म्हणत होतं.

"मला दुसरं काही नको," ती एका सकाळी मुलाला म्हणाली. "अर्धा तास एकटीला सोडा. कडी लावून."

"आणि पडलीस तर?"

"पडले ती स्वयंपाकघरात. तिथला ओटा काढलास का तू?"

आरेखकाकडे पेन्सिल होती. त्याच संध्याकाळी त्याने आईला जेवणाच्या टेबलाशी उभं करून मोजमापं घेतली. पाऊल किती उचलता येतं? चार बोटं. बसायला उंची किती लागते? खुर्चीएवढी. मग रात्रीच्या जेवणाआधी त्याने एक टब काढला. बाकी नेहमीसारखाच, फक्त त्याला बाजूला दार होतं आणि दाराचा उंबरठा चार बोटं उंच. दार उघडून आत पाऊल टाकायचं, दार लावायचं, आतल्या बैठकीवर बसायचं, पाणी सोडायचं. अंघोळ झाली की पाणी जाऊ द्यायचं आणि आपल्या पायाने बाहेर यायचं. आईने चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत तपासला.

"दार आतून बंद होतं ना?"

"आतूनच."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. छत्तीस वर्षांत तिने कुणाचं याहून जास्त कौतुक केलेलं ऐकिवात नव्हतं.

इथवर सगळं सुरळीत होतं. हा कागद आरेखकाने एखाद्या बऱ्याशा प्लंबरकडे न्यायला हवा होता. तो त्याने ऑफिसात नेला.

विभागप्रमुख साहेबांना कल्पना फारच आवडली. वृद्धांसाठी विभागाने गेल्या अकरा वर्षांत एकच वस्तू तयार केली होती, ती म्हणजे बसथांब्यावरचं बाक, आणि कुणी फार वेळ बसून राहू नये म्हणून त्याला पाठ ठेवलेली नव्हती. साहेबांनी लगोलग 'ज्येष्ठ व दिव्यांग सुलभ स्नान योजना' जाहीर केली, समिती नेमली आणि पहिला टब आरेखकाच्याच घरी बसवायचं ठरवलं. आरेखक त्या दिवशी पेढा मिळालेल्या पोरासारखा घरी आला.

आता विभागात एक जुनी, मानाची पद्धत होती. समितीतल्या कुणाचाही आक्षेप फेटाळायचा नाही. फेटाळला की माणूस दुखावतो, माणूस दुखावला की फाइल दुखावते, आणि दुखावलेली फाइल कुठल्याच टेबलावर नीट बसत नाही. म्हणून प्रत्येक आक्षेपाची एक वस्तू करायची आणि ती आराखड्यात बसवून टाकायची. बाकाची पाठ गेली तीही अशाच एका आक्षेपात.

पहिल्या बैठकीत सुरक्षा अधिकाऱ्यांनी विचारलं, "टब भरलेला असताना कुणी दार उघडलं तर?"

"उघडणार नाही साहेब. दार आतल्या बाजूला उघडतं. पाण्याचा दाबच ते घट्ट धरून ठेवतो."

"दाबाचं काही लेखी आहे?"

दाबाचं लेखी काही नव्हतं. म्हणून एक यंत्र बसवलं. दार बंद झाल्याशिवाय पाणी येणार नाही आणि शेवटचा थेंब गेल्याशिवाय दार उघडणार नाही. पाणी भरायला नऊ मिनिटं, जायला अकरा. म्हणजे म्हातारं माणूस वीस मिनिटं उघड्या अंगाने अर्ध्या रिकाम्या टबात बसून राहणार. दुसऱ्या बैठकीत आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच्या सर्दीची काळजी वाटली आणि टबाला हीटर लागला. तिसऱ्या बैठकीत विद्युत अधिकारी म्हणाले की ओलं माणूस आणि हीटर एकत्र आले की तिथे एक जबाबदार व्यक्ती हवीच. जबाबदार व्यक्तीला वेळप्रसंगी दार उघडता यायला हवं. तेव्हा कडी बाहेरून.

इथे आरेखकाने मान वर केली. त्याच्या नोकरीतला हा एकमेव शूर क्षण असल्यामुळे मी तो इथे नोंदवून ठेवतो.

"साहेब, कडी आतून असावी अशी लाभार्थ्याची इच्छा आहे."

"कुठल्या लाभार्थ्याची?"

"आमच्या आईची."

साहेब समजुतीने हसले. "आईंबद्दल आम्हा सगळ्यांना आदरच आहे. पण ज्येष्ठांचं म्हणणं मांडायला समितीत ज्येष्ठ प्रतिनिधी आहेत ना?"

ज्येष्ठ प्रतिनिधी म्हणजे साहेबांच्या आधीचे साहेब. वय एकसष्ट. रोज सकाळी चाळीस मिनिटं पोहणारे. टबाच्या लाकडी नमुन्यात बूट घालून बसून त्यांनी तो आरामशीर असल्याचा दाखलाही दिलेला होता. ते म्हणाले, "मला विचाराल तर कडी आतून काय नि बाहेरून काय, मला काही फरक पडत नाही. मी टब वापरतच नाही."

इतिवृत्तात लिहिलं गेलं: बाहेरील कडीस ज्येष्ठांची हरकत नाही.

आरेखक चौथा नमुना काढायला लागला. जबाबदार व्यक्तीला आतलं दिसावं म्हणून टबाच्या दाराला काच आली. महिला लाभार्थ्याजवळ एकच व्यक्ती असणं योग्य नाही, त्या व्यक्तीवर लक्ष ठेवायला आणखी एक हवी, असं महिला कक्षाने कळवलं. दोन व्यक्तींच्या दोन खुर्च्या न्हाणीघरात मावेनात. म्हणून पाचव्या बैठकीत टब दिवाणखान्यात आला. दिवाणखान्यात आल्यावर बांधकाम शाखेला फरशीची चिंता लागली. पाणी झिरपलं तर? मग उंबरठा चार बोटांवरून गुडघ्याएवढा झाला. गुडघ्याएवढा उंबरठा चढायला तीन पायऱ्या आल्या. आणि पायऱ्या आल्यावर सातव्या बैठकीत विमा अधिकारी म्हणाले की या पायऱ्या कुणाच्याही मदतीशिवाय चढता येतात असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल त्यालाच टब द्यावा.

"म्हणजे ज्यांना चढता येतं त्यांनाच?" आरेखकाने चाचरत विचारलं.

"अर्थात. सुलभ वस्तू अपात्र माणसाच्या हाती पडली की तिचा दुरुपयोग होतो."

खरं सांगायचं तर आरेखकाला एव्हाना हे फारसं टोचत नव्हतं. सातवा नमुना दिसायला देखणा होता. पायऱ्यांची गोलाई साधली होती, काचेची चौकट साधली होती, आणि उजव्या कोपऱ्यात त्याचं नाव पहिल्यांदाच साहेबांच्या नावाखाली, पण त्याच आकाराच्या अक्षरांत आलं होतं. माणूस काही एका दिवसात बिघडत नाही. त्याला निदान सात बैठका लागतात.

आई मात्र रोज संध्याकाळी तेच विचारायची.

"कडी आहे ना?"

"आहे. चांगली मजबूत आहे."

"आतून?"

"आई, तुला त्यातली तांत्रिक बाजू कळायची नाही."

गणिताच्या बाईंनी मुलाकडे नुसतं पाहिलं. तो उठून हात धुवायला गेला.

प्रमाणपत्राचं घोडं मात्र पेंड खात होतं, कारण आईला एकही पायरी चढता येत नव्हती. नियम बारकाईने वाचल्यावर एक तळटीप सापडली: लाभार्थ्याच्या वतीने कुटुंबातील सज्ञान व्यक्तीने चढून दाखवल्यास चालेल. डॉक्टरांसमोर आरेखक स्वतः तीन पायऱ्या चढला आणि उतरला. आई खुर्चीत बसून पाहत होती. डॉक्टरांनी तिच्या नावाने लिहिलं, 'हालचाल उत्तम.'

टब आला. सोफा गॅलरीत गेला, आईची आरामखुर्ची शेजाऱ्यांकडे गेली. उद्‌घाटनाला साहेब आले, समिती आली, दोन फोटोग्राफर आले. दोन्ही जबाबदार व्यक्तींनी आईला काखेत धरून उचललं आणि इस्त्रीच्या कपड्यांत कोरड्या टबात बसवलं. मग बाहेरून कडी लावण्यात आली. "आज या माउली खऱ्या अर्थाने स्वावलंबी झाल्या," असं साहेब काचेकडे बोट दाखवत म्हणाले. टाळ्या झाल्या. आईला काढायला सात मिनिटं लागली, कारण पाणी भरलेलंच नसल्यामुळे पाणी गेल्याची यंत्राला खात्री पटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी खरी अंघोळ झाली. एक व्यक्ती काचेतून पाहत होती, दुसरी वहीत लिहीत होती: 'आठ वाजून बारा मिनिटे, लाभार्थ्याने उजवा खांदा चोळला.' मध्येच पेपरवाल्याने बेल वाजवली, सुनेने सवयीने दार उघडलं, आणि पेपर तिच्या हातात देताना तो टबाकडे पाहून ओशाळला. आई परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखी समोर बघत होती. पाणी गेल्यावर सुनेने टॉवेल पुढे केला, तेव्हा तिने सुनेकडेही पाहिलं नाही. हे सगळं दिसत असूनही आरेखक काचेवर वाफ किती धरते ते तपासत होता. अशा मुलाला काय म्हणावं, ते मला सभ्य शब्दांत सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे आई काठी टेकत जुन्या न्हाणीघरात गेली. आत कडी नव्हतीच. तिने दार लोटलं, त्याला पाण्याने भरलेली बादली टेकवली, स्टुलावर बसली आणि नळ सोडला. आरेखक धावत आला. दार ढकललं, तर बादली हलेना. आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि आई एकोणतिसाचा पाढा म्हणत होती, न चुकता, चालीवर. तो दाराबाहेर उभा राहिला. अकरा मिनिटांनी ती बाहेर आली. केसांतून पाणी निथळत होतं.

"झाली," ती म्हणाली. "केसही धुतले."

किती दिवसांनी ती हसली होती. आरेखकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. घटकाभर तो नुसता तिचा मुलगा होता. मग दहा वाजले आणि तो ऑफिसात गेला. प्रामाणिक माणूस होता, त्याने झालं ते सगळं सांगितलं.

सुरक्षा अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. टब उपलब्ध असताना टबाबाहेर झालेल्या अंघोळीला नियमांत 'अनधिकृत स्नान' म्हणत. त्यावर उपाय एकच, जुन्या न्हाणीघराचं दार काढणे. संध्याकाळी आरेखकाने बिजागऱ्या सैल करून दार उतरवलं.

"आता दारच नेतोस?" आईने विचारलं.

"तुझ्यासाठीच आहे आई."

"बरं."

त्या दिवसापासून तिने कडीचं विचारणं सोडून दिलं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

महिन्याने एक जबाबदार व्यक्ती अभिप्रायाचा फॉर्म घेऊन आली. प्रश्न एकच होता, लाभार्थी समाधानी आहे का? उत्तरं तीन होती: पूर्ण समाधानी, समाधानी आणि लवकरच समाधानी. आईने हात पुढे केला. "आण इकडे. पेन दे."

"तुम्ही कशाला त्रास घेता आजी? हा घरच्यांनी भरायचा असतो. लाभार्थ्यांचे हात ओले असतात, कागद खराब होतो."

"माझे हात कोरडे आहेत."

"फॉर्ममध्ये ओलेच धरलेत."

आईचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. तिच्या बोटांवरून नजर काढून आरेखकाने 'पूर्ण समाधानी'वर खूण केली आणि सही ठोकली.

या यशानंतर विभागाने घरोघरी एक पाहणी केली. 'आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीस हा टब हवा आहे काय?' अठरा हजार फॉर्म परत आले. अठरा हजार होकार, एकही नकार नाही. साहेबांनासुद्धा शंका आली, म्हणून त्यांनी गठ्ठे उघडून पाहिले. सगळी अक्षरं मुलांची, मुलींची, सुनांची, जावयांची होती.

तुम्ही इथवर आरेखकाला नावं ठेवत आलात, ते योग्यच केलंत. फक्त तुमचाही फॉर्म त्या गठ्ठ्यात आहे. घाईत, उभ्याउभ्या, फ्रिजवर कागद टेकवून भरलेला. तुमचे वडील तेव्हा शेजारच्या खोलीत जागेच होते. त्यांनी आतून विचारलंही होतं, "कसला कागद आहे रे?"

"काही नाही बाबा," तुम्ही म्हणालात. "तुमचाच आहे."