एका वेळी एकच चेहरा

जिज्ञासाच्या मुलाखतीसाठी भूपेशने सकाळी नऊ वाजताच हळदीचा दिवा लावला. हळदीच्या रात्री नवरीच्या तोंडावर उजेड पाडायचा तो, स्टँडवरचा गोल दिवा. बदलापूरकडे जांभूळपासून शिरगावपर्यंत कुठल्याही गावात हळद असली की शूटिंग भूपेशचंच असायचं, आणि धाकट्या बहिणीची मुलाखतसुद्धा त्याने ऑर्डर घेतल्यासारखी अंगावर घेतली होती.

मुलाखत साधी नव्हती. मुंबईतली मोठी लॉ फर्म, अडीचशे वकील, काचेची इमारत. जिज्ञासा उल्हासनगरच्या कॉलेजातून एलएलबीला पहिली आली होती. सनद मिळून चार महिने झाले होते आणि फोटोसकट पाठवलेल्या सात अर्जांपैकी एकाचंही उत्तर आलं नव्हतं. तिच्याच वर्गातली तेजल, दोन विषयांत लटकलेली, पण गोरी आणि उंच, मात्र केव्हाच अशाच एका फर्ममध्ये चिकटली होती.

"तू मार्क्स कितीपण लिही गं," तेजलने फोनवर सांगितलं होतं. "क्लायंटसमोर बसवायचं असतं ना! बडे फर्म में चेहरा लगता है."

फर्मच्या वेबसाइटवरचे वकिलांचे फोटो बघून जिज्ञासाला ते पटलं. सगळे दागिन्यांच्या जाहिरातीला उभे केल्यासारखे दिसत होते. ती स्वतः सावळी, गालांवर मुरुमांचे खड्डे आणि पुढच्या दोन दातांत फट. या फर्मला पाठवायच्या आठव्या अर्जाला तिने भूपेशने दुरुस्त करून दिलेला फोटो जोडला. त्या फोटोत खड्डे नव्हते, फट नव्हती, आणि रंगही चार छटा उजळला होता. तीन दिवसांत मुलाखतीचा मेल आला.

आनंद तासभर टिकला. मग तिच्या लक्षात आलं की मुलाखत व्हिडिओवर आहे.

"दादा, आता मी फोटोतल्यासारखीच दिसायला पाहिजे!"

"टेन्शन नको घेऊ," भूपेश म्हणाला. "मोबाइलमध्ये ॲप टाकलंय. लाइव्ह फिल्टर चालतो. फक्त एका वेळी एकच चेहरा धरतो तो, फुकटचा आहे ना. खोलीत दुसरं कोणी नको म्हणजे झालं."

म्हणून वडिलांना, हरिचंद्रना, मागच्या पडवीत बसवलं गेलं. हरिचंद्र पासष्टीचे. अंगात बंडी, कमरेला लुंगी आणि ओठ झाकून उरेल एवढी मिशी. बांधाच्या दाव्यापायी एकोणीस वर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवलेला माणूस. मुलीला वकील करायचं त्यांनी तिथल्याच बाकावर बसून ठरवलं होतं.

अकरा वाजता स्क्रीनवर दोघं आले. फर्मच्या भागीदार मालिनी मॅडम आणि त्यांच्या शेजारी यज्ञेश नावाचा तरुण वकील. सुरुवात छान झाली. फिल्टरमधली जिज्ञासा गुलाबी हसत होती, उत्तरं खऱ्या जिज्ञासाची होती, आणि मालिनी मॅडम मान डोलावत काहीतरी लिहून घेत होत्या.

"आमच्याकडे बदलापूर पट्ट्यातल्या जमिनींचं मोठं काम आलंय," त्या म्हणाल्या. "त्यावर विचारते. सातबाऱ्यावर खरेदीदाराचं नाव लागलं, म्हणजे तो मालक झाला का?"

हे तर तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. ती तोंड उघडणार तोच कानाशी बशी वाजली.

"बाय, च्या घे. सुकला गला तुजा."

हरिचंद्र पडवीतून स्वयंपाकघरामार्गे आत आले होते. चहा ठेवायला ते वाकले, आणि फुकटच्या फिल्टरला जवळचा चेहरा आवडला. स्क्रीनवर जिज्ञासाचे खड्डे परत आले, दात वेगळे झाले. हरिचंद्रच्या गालांवर मात्र लाली चढली, पापण्या भुवयांना टेकल्या आणि मिशीच्या खालून डाळिंबी ओठ डोकावले.

यज्ञेशने पटकन फाइल तोंडासमोर धरली. फाइल हलत होती.

"हे कोण?" मालिनी मॅडमनी विचारलं.

एवढा एकच प्रश्न. जिज्ञासाने स्क्रीनकडे बघितलं. बंडी, लुंगी, लिपस्टिक. हे आपले वडील म्हणून सांगायचं? तेही या काचेच्या इमारतीला?

"ते... आमच्याकडे कामाला आहेत," ती म्हणाली. "गडी."

दाराआड उभ्या भूपेशने कपाळावर हात मारला. हरिचंद्र क्षणभर तसेच वाकलेले राहिले. मग सरळ झाले, मुलीकडे न बघता कॅमेऱ्याला म्हणाले, "हो बाय. गडीच हाय मी." आणि बाजूला सरकून कॉटच्या कडेला बसले. कॅमेऱ्यातून आपण गेलो असं त्यांना वाटलं. फिल्टरला तसं वाटलं नव्हतं; एकदा धरलेला चेहरा त्याने सोडला नाही.

"तर सातबारा," मालिनी मॅडम म्हणाल्या.

जिज्ञासाच्या डोक्यात आता एकच शब्द होता, गडी. सातबाऱ्याचं नावच नव्हतं. पाच सेकंद गेले, दहा गेले.

"नाय," कॉटवरून आवाज आला. मुलगी अडकलेली हरिचंद्रना बघवलं नाही. "सातबारा मालकीचा पुरावा नाय. ते म्हसुलाचा दप्तर हाय. मालकी खरेदीखतानं ठरते."

मालिनी मॅडम पुढे झुकल्या. "आणि फेरफारावरची हरकत मंडळ अधिकाऱ्याने फेटाळली तर?"

"प्रांताकडं अपील. साठ दिवसांच्या आत. पन निकालाची नक्कल पयली मागून घ्यायची, नायतं ते चकरा मारायला लावतान."

यज्ञेशने फाइल खाली घेतली. पुढची दहा मिनिटं मुलाखत चालली ती लाजऱ्या पापण्यांच्या मिशीवाल्या गड्याची. जिज्ञासा स्क्रीन आणि कॉटच्या मधे बसून कपातली साय बघत होती.

कॉल संपला. हरिचंद्र कप उचलून आत गेले. त्यांनी तो स्वतः विसळला, तेव्हा जिज्ञासाला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आली.

तिसऱ्या दिवशी मालिनी मॅडमचाच फोन आला.

"सॉरी, तुमची निवड नाही होऊ शकली. खरं सांगू? दोन चेहरे बघितले आम्ही तुमचे. तुमचा नक्की कोणता, तेच कळेना. फोटोतल्या मुलीला आम्ही बोलावलं नव्हतं हो, मार्कांना बोलावलं होतं."

"हो मॅम," जिज्ञासा पुटपुटली.

"पण तुमच्याकडचा तो गडी. त्यांचा सल्ला हवाय आम्हाला त्या जमिनींसाठी. त्यांचा नंबर द्याल?"

नंबर देऊन मोकळं होणं अगदी सोपं होतं. जिज्ञासाने डोळे मिटले.

"मॅम, ते गडी नाहीत. माझे वडील आहेत."



"मग तसं का म्हणालात?"

"लाज वाटली."

"वडिलांची?"

"आधी माझी वाटली, मग त्यांची. आता परत माझीच वाटतेय."

"हं," मालिनी मॅडम म्हणाल्या. "सोमवारी घेऊन या त्यांना."

त्या रविवारी तिने वडिलांना सगळं सांगितलं. माफीही मागितली. हरिचंद्रनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लिफ्ट हाय ना तिकडं? गुडगं दुकतान."

सोमवारी ते पांढरा सदरा घालून, दाव्याच्या कागदांची पिशवी छातीशी धरून निघाले. काचेच्या इमारतीत रिसेप्शनवरची मुलगी वेबसाइटवरून उतरल्यासारखी होती. तिने यादीत बघितलं. "हरिचंद्रजी, मालिनी मॅडमकडे, लँड कन्सल्टेशन. करेक्ट. और ये?"

जिज्ञासाने तोंड उघडलं. सोबत आलेय, सोडायला आलेय, बाहेर थांबते, असं काहीही म्हणता आलं असतं.

"वकील हाय माजी," हरिचंद्र म्हणाले. "हिला दाखवल्याबिगर मी कंच्याच कागदावं सही करत नाय."

रिसेप्शनवरच्या मुलीने नाव विचारून लगेच दुसरा पास बनवला. 'ॲड. जिज्ञासा', खाली 'व्हिजिटर'. फर्मचं नाव असलेली निळी फीत जिज्ञासाच्या गळ्यात आली.

लिफ्टच्या तिन्ही बाजूंना आरसे होते. हरिचंद्रनी त्यांत बघून मिशी सारखी केली, मग सदऱ्याची कॉलर. चौदा मजले होते. जिज्ञासाने ते चौदाच्या चौदा चपलेच्या अंगठ्याकडे बघत काढले.