सासऱ्यांचा दस्ता आणि जावयाचं तेल

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी सासऱ्यांनी जावयाच्या हातात कधी साधा पेचकससुद्धा दिला नव्हता. भिंतीत खिळा मारायचा असला की ते स्वतः स्टुलावर चढत आणि जावयाला स्टूल धरायला सांगत. (दोन मिनिटांनी लेकीला हाक मारत, म्हणजे स्टूल नीट धरलं जाई.) तसा जावई माणूस वाईट नाही हो. भूमापन कचेरीत ट्रेसर आहे. नकाशावरच्या नद्या, टेकड्या पातळ कागदावर उतरवतो आणि उतरवता उतरवता नदीकाठाने चालत कुठल्या कुठे निघून जातो. साहेबांनी हाक मारली की त्याला परत यायला अंमळ वेळ लागतो, एवढंच.

अशा माणसाकडे एका रविवारी सासरे आपण होऊन आले, जुन्या चादरीत गुंडाळलेला एक दस्ता काखेत घेऊन. बंदुकीचा दस्ता, म्हणजे नेमबाजाच्या खांद्याला आणि गालाला टेकतो तो लाकडी भाग. लोखंडी भाग त्यांनी घरी कुलपात ठेवला होता. (जावयावर विश्वास टाकायचा म्हटलं तरी त्याला काही मर्यादा असते.) सासरे चाळीस वर्षं क्लबात नेमबाजी करत आलेले. दोन महिन्यांनी ज्येष्ठांची स्पर्धा होती, दस्त्याला वर्षाचं तेल लावायची वेळ झाली होती, आणि नेमकं आत्ताच मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं होतं. डॉक्टरांनी वाकणं, घासणं सगळं बंद केलेलं.

"जमेल ना जावईबापू?" सासऱ्यांनी विचारलं.

जावयाचा ऊर भरून आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा या घरातलं काहीतरी त्याच्या हवाली होत होतं. हे काम नीट पार पडलं तर पुढच्या वेळी स्टुलावर तो चढणार आणि सासरे खाली उभे राहणार, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं.

मग सासऱ्यांनी पंधरा मिनिटं सगळं समजावून सांगितलं. घात तिथेच झाला. कारण चादर उलगडली होती आणि जावयाचं लक्ष अक्रोडाच्या लाकडावर गेलं होतं. लाकडाच्या रेषा अगदी नकाशावरच्या टेकड्यांसारख्या, एकात एक वळत गेलेल्या, आणि मधून एक काळसर नदी. तो त्या नदीला लागला. जवसाचं तेल आणि तळहाताने चोळणं, हे दोन शब्द काठावरून ऐकू आले. बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवसापासून कचेरीत जाण्याआधी तेल सुरू झालं. थेंबभर तेलाने सासऱ्यांच्या दस्त्याचा काय मान राहणार, म्हणून तो चांगलं ओंजळभर ओती. चार दिवसांत बाटली संपली, त्याने दुसरी आणली. बायको एकदाच म्हणाली, "बाबा इतकं नाही हो लावत." त्यावर त्याने काम कोणाला दिलंय, असं विचारलं. तेलाची फडकी बोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेट घेतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती मुकाट्याने फडकी बादलीतल्या पाण्यात बुडवत राहिली. निदान घर तरी वाचावं, एवढीच तिची अपेक्षा उरली होती.

गुरुवारी दस्ता डिंकासारखा चिकट झाला. जावयाने त्यावर धूळ बसू नये म्हणून वर्तमानपत्र घातलं. शुक्रवारी वर्तमानपत्र निघालं, पण हवामानाचा अंदाज उलट्या अक्षरांत दस्त्यावर राहिला. जावयाने घासून घासून पाऊस आणि तापमान काढलं, आणि झाल्या प्रकारावर उपाय म्हणून आणखी तेल लावलं. अति तिथे माती म्हणतात, पण ही म्हण सांगणाऱ्याचंही त्याने ऐकलं नसतंच.

शनिवारी संध्याकाळी सासरे दस्ता बघायला येणार होते. दुपारी तो गॅलरीतल्या खुर्चीत बसला. तेलाचा ताजा हात झाला होता. नेमबाजाला हे कसं वाटत असेल, म्हणून त्याने दस्ता खांद्याला लावला आणि गाल टेकवला. लाकूड उन्हाने कोमट झालं होतं. तेलाला रानातल्या गवतासारखा वास येत होता. पापण्या जड झाल्या, आणि तो टेकड्यांमधून चालू लागला. नदी अगदी संथ होती, पाणी मधाच्या रंगाचं. पाय जमिनीला लागत होते की नाही, कोण जाणे. पुढे सासरे चालत होते. ते थांबले, मागे वळले आणि काही न बोलता त्याच्या हातात हातोडी ठेवली. इतकं सुख त्याला आजवर कधी झालं नव्हतं. त्याने झोपेतच गाल लाकडावर घासला, एकदा, दोनदा, बराच वेळ.

बेल वाजली. तो दचकून उठला, आणि दस्ताही त्याच्याबरोबर उठला. गाल सुटला, पण हनुवटी सुटेना. बायकोने चमच्याच्या दांड्याने आणि कोमट तेलाने त्याला सोडवलं, तेव्हा दाढीचे चारसहा खुंट दस्त्यापाशीच राहिले.

ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून सासरे काळा चष्मा लावून बसले. डोळ्यांवर भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी दस्त्यावरून बोटं फिरवली. बोटं चिकटत, सुटत, पुन्हा चिकटत गेली. त्यांचा चेहरा उतरला. रागावले असते तर बरं, असं जावयाला वाटलं. त्याला खरंच रडू येऊ लागलं.

"माझं चुकलं, बाबा," तो म्हणाला. "तुम्ही सांगत होतात तेव्हा मी ऐकलंच नाही."

सासऱ्यांची बोटं एका जागी थांबली. त्यांनी तिथे तळहात फिरवला, मग पुन्हा फिरवला.

"हे कोणी केलं? हे अगदी असंच हवं. थोडकं तेल, अंगाची ऊब, आणि वरचं सगळं पुसून काढलेलं. चाळीस वर्षांत मलाही इतकं साधलं नाही."

जावयाची मान ताठ झाली. ती आपली एक वेगळी पद्धत आहे, असं तो सांगणार, एवढ्यात बायको म्हणाली, "बाबा, तिथे गाल टेकून हे दोन तास झोपले होते."

सासरे ती जागा पुन्हा एकदा चाचपून बघू लागले. मग लेकीला म्हणाले, "बाकीचं सगळं तू टर्पेंटाइनने पुसून काढ. आणि आठवडाभर रोज दुपारी यांना दस्ता देऊन इथे झोपव. जागे झाले की मात्र लगेच काढून घे."