दमावंदाच्या उतरणीवर फरामर्ज साहेबांनी मिळविलेली फत्ते

शिखरांमध्ये थोर, नाकातोंडातून गंधकाचा धूर सोडणारे, बारमाही पांढरा मंदील मिरवणारे जे गिरिराज दमावंद, त्यांजवर तेहरान शहरीच्या तीन असामींनी बहमन महिन्याच्या ऐन कडाक्यात चाल केली, माथा सर केला, आणि पायांस फळ्या बांधोन खाली उतरले, तो मजकूर जैसा घडला तैसा लिहितो. पदरचे काही घालीत नाही. पदरचे घालण्याचे काम खुद्द फरामर्ज साहेब आजवर उत्तम करीत आले आहेत.

साहेब म्हणजे दाढा उपटण्याच्या कामी मशहूर हकीम, उमर छप्पन, मिशी रुबाबदार आणि जबान मिशीहून लांब. दोन हिवाळ्यांमागे पोरासोरांच्या उतारावर त्यांचा उजवा गुडघा फितूर जाहला, तैपासून स्कीच्या फळ्यांस त्यांनी हात लाविला नव्हता. परंतु दोस्तांत जाहीर असे केले की गुडघा लोखंडाहून कडक आहे, आणि आपण दर जुम्याला उतारावर जातो. दुसरे सरदार तूरज आगा, शाळेत भूगोल शिकविणारे, ज्यांनी दमावंदाची उंची तीस वर्षे खडूने लिहिली आणि एकदाही पायांनी मोजली नाही. तिसऱ्या गुलनार खानम, पूल बांधणाऱ्या इंजिनियर, ज्वानीत बर्फावरच्या शर्यती मारलेल्या, आणि दोघांच्या कॉलेजापासूनच्या दोस्त. खानम नवरोजानंतर लेकीकडे कॅनडा मुलखी कायमच्या जाणार, सबब त्यांचा हुकूम सादर जाहला की, जाण्यापूर्वी तिघांनी मिळोन दमावंदाच्या माथ्यावरून उतरावे, कोणाची सबब ऐकिली जाणार नाही. हुकूम ऐकताच साहेबांनी मिशीस पीळ देऊन "मंजूर" म्हटले.

मग पोलूर गावाहून कूच जाहले. आश म्हणजे डाळी-भाजीच्या दाट कढणाचे थर्मास, खजूर, हलवा, लवाश रोट्यांची चळत ऐसा सरंजाम पाठीवर घेतला, आणि चढताना मागे घसरू नये म्हणोन फळ्यांच्या तळास केसाळ पट्ट्या चिकटवोन, एक एक पाऊल सरकत फौज संध्याकाळी तिसऱ्या बारगाहेस, म्हणजे गिर्यारोहकांच्या दगडी मुक्कामास पोहोचली. तेथे विरळ हवेने सर्वांची डोकी ठणकली. उजाडताच पुढील चाल सुरू जाहली, आणि तूरज आगा दर वीस पावलांवर थांबोन दुनियेची तक्रार करू लागले.

"डॉक्टर, दात काढताना भूल देतोस, मग चढताना काय झालं?"

"देतो की. आधी तुझी जीभ सुन्न करतो."

"ती राहू दे, तेवढीच अजून गरम आहे."

दोन प्रहरी माथा हाती आला. तिघांनी एकमेकांस मिठ्या मारिल्या, आणि खजूर काढिले तो ते गोठोन खडे जाहलेले, त्यांवर साहेबांनी, दंतवैद्य असोन, आपलीच दाढ दुखवोन घेतली. इतक्यात वारा फिरला आणि गंधकाचा पिवळा धूर अंगावर येऊ लागला. उतरणे निकडीचे जाहले. फळ्या बांधोन तिघे कड्याच्या ओठावर उभे राहिले, खाली बर्फ आरशासारखा झगझगत होता, आणि मग अदबीचा ऐसा महापूर लोटला की ज्यास तोड नाही.

"तूरज आगा, आपण व्हा पुढे."

"छे छे! तुमच्या आधी? माझी काय लायकी!"

"मग गुलनार खानम, बायकांचा मान आधी."

"मान वयाचा, डॉक्टर. तुम्हीच जा."

धूर आला, तिघेही खोकले, आणि जागचे कोणी हलेना. तेव्हा खानमांनी चष्मा वर केला.

"फरामर्ज, खरं सांग. गुडघा कसा आहे?"

लोखंडासारखा, ऐसा जबाब साहेबांच्या ओठांवर तयार होता. परंतु पाय ऐसे लटपटत होते की फळ्या एकमेकींवर वाजत होत्या, आणि तो आवाज सर्वांस ऐकू येत होता.

"मला भीती वाटतेय," साहेब म्हणाले. "दोन वर्षं फळ्या घातल्याच नाहीत गं. मला नाही जमणार." आणि डोळ्यांतून पाणी आले, ते मिशीपर्यंत येऊन तेथेच गोठले.

तूरज आगा कडाडले, "गाढवा, हे खालीच सांगितलं असतंस तर मीसुद्धा आलो नसतो!"

खानम मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी साहेबांच्या बुटाचा पट्टा ओढून घट्ट केला. "वळायचं नाही. फळ्या आडव्या धर आणि नुसता खरडत ये. पडलास तर पड. मी खाली आहे."

ऐसी व्यूहरचना होऊन उतरण सुरू जाहली, आघाडीस खानम, मध्ये साहेब, पिछाडीस देवाचा धावा करणारे तूरज आगा. साहेब पडले, उठले, पुन्हा पडले. सातव्या खेपेस फळ्यांची धार निसटली आणि साहेब पाठीवर घसरत थेट काळ्या खडकांकडे निघाले. खानमांनी ते पाहोन, जराही मागे न हटता, वाटेत आडवे होऊन आपल्या फळ्या बर्फात रोविल्या. साहेब तोफेच्या गोळ्यासारखे त्यांजवर आदळले, दोघे मिळोन आणखी घसरले, आणि खडकांच्या दहा हात अलीकडे थांबले.

"बरगडी मोडलीस माझी," खानम धापा टाकत म्हणाल्या.

"खरंच?"

"नाही. पण वजन कमी कर."

साहेब हसू लागले, ते थांबेनात. खाली बर्फ मऊ लागला, तेथे त्यांस एक वळण साधले, मग दुसरे, आणि तूरज आगांनी पिछाडीहून शिव्यांच्या सुरात शाबासकी दिली.

बारगाहेत शिरले तो इस्फहानची चार ज्वान पोरे बूट आवळोन, फळ्या खांद्यावर घेऊन वर निघण्याच्या बेतात. त्यांनी अदबीने विचारिले, "उस्ताद, वरचा बर्फ कसा आहे?" पश्चिमेस आभाळ काळवंडले होते. साहेबांनी मिशीवरचा बर्फ झटकिला.

"काच आहे, बाळांनो. मी एकोणीस वेळा पडलो. आणि माथ्यावर रडलो."

पोरांनी त्यांजकडे पाहिले, एकमेकांकडे पाहिले, आणि मग एकाने खाली बसोन बुटाची नाडी सोडिली. घटकेभरात वारा ऐसा सुटला की तिघांनी रेटूनही दार लागेना.

"पडलास ते ठीक," तूरज आगा कानाशी कुजबुजले, "रडलास ते कशाला सांगायचं? आमचीही काही अब्रू आहे की नाही?"

येणेप्रमाणे मोहीम शेवटास गेली. आपल्याकडील नुकसान, एक दाढ जायबंदी. गिरिराज जागच्या जागी आहेत. फत्तेत चार जोड बूट दाराशी पाडाव जाहले, त्यांचे धनी शेगडीजवळ आश खात जिवंत आहेत. हे बहमन मासी, तिसऱ्या बारगाहेत, दारास पाठ लावोन दप्तरी नोंदविले.