सात सेकंदांची नजर

पोर्तुगालमधल्या व्हाली द झिंब्रू गावच्या गावकचेरीतली एकूण साधनसामग्री अशी होती : एक संगणक, एक शिक्का, एक पंखा आणि देओलिंदाबाई. यांपैकी फक्त देओलिंदाबाई बावीस वर्षांत एकदाही दुरुस्तीला गेल्या नव्हत्या. रहिवासाचा दाखला, कुत्र्याचा परवाना आणि म्हाताऱ्यांच्या हयातीचा दाखला ही कचेरीची तीन मुख्य कामं. तिन्ही कामांत देओलिंदाबाई आधी समोरच्याची, म्हणजे माणसाची किंवा कुत्र्याची, विचारपूस करत आणि मग शिक्का मारत.

एका मंगळवारी इंजिनिअर क्वारेझ्मा आले. त्यांच्याकडे वरून आलेलं एक परिपत्रक आणि एक नवा पडदा होता. पडद्याच्या माथ्यावर मसुरीएवढा काळा डोळा होता.

"वीजबचत आणि सुरक्षा, दोन्ही एकत्र," क्वारेझ्मा म्हणाले. "तुम्ही पडद्याकडे बघताय तोवर मशीन जागं. तुमची नजर सात सेकंद हटली की मशीन झोपणार. वीजही वाचते आणि कागदपत्रंही कोणाच्या हाती लागत नाहीत."

"आणि पुन्हा उठवायचं कसं?"

"सोळा अक्षरांचा पासवर्ड टाकायचा. मग फोनवर आकडा येईल, तो टाकायचा. मग तीन मिनिटं थांबायचं. शिवाय पडद्यासमोर दुसरा कोणाचा चेहरा दिसला, तर कोणीतरी डोकावतोय असं समजून पडदा काळा होईल."

"पण समोर माणूस येतो ना. त्याच्याशी बोलायचं तर त्याच्याकडे बघावं लागतं."

क्वारेझ्मांनी परिपत्रक पुढून मागून चाळलं. "माणसाबद्दल यात काही नाही," ते म्हणाले.

दिवा लावावा लागू नये म्हणून टेबलही त्याच दिवशी उजेडाच्या खिडकीकडे सरकवण्यात आलं. त्यामुळे लोक जिथे येऊन उभे राहत ती खिडकी देओलिंदाबाईंच्या पाठीमागे गेली. पहिल्या दिवशी मशीन एकतीस वेळा झोपलं. कोणाच्या नातीचं बाळंतपण विचारायला बाई वळल्या की ते झोपे, आणि ते उठेपर्यंत नातीचं सगळं ऐकून होई. गुरुवारपर्यंत बाईंना सवय झाली. त्यांनी मागे बघणं सोडलं आणि गाव त्यांच्या अंबाड्याशी बोलू लागलं.

कामाचा वेग वाढला. किरकोळ चुका झाल्या, नाही असं नाही. गावात नव्यानेच आलेल्या डॉक्टरीणबाईंना रेबीजची लस टोचलेली असल्याचा परवाना मिळाला, आणि एका शिकारी कुत्र्याची सरकारदरबारी घटस्फोटित रहिवासी म्हणून नोंद झाली. कोणी तक्रार केली नाही. कागदावर शिक्का नीट उमटला होता.

अशात सोमवारी अन्सेल्मोकाका आले. वय अठ्ठ्याहत्तर. एकतीस वर्षं लक्झेंबर्गमध्ये इमारतींच्या उंच क्रेनवर बसून काम केलेलं, आता गावात लिंबाची दोन झाडं आणि दुपारचे पत्ते. तिकडचं पेन्शन चालू राहायचं तर दर वर्षी हयातीचा दाखला पाठवावा लागे. यंदा तो मशीनवरच भरायचा होता, मुदत शुक्रवारची होती, आणि शेवटी एक ओळ होती : "हा अर्ज उघडा असताना मी या व्यक्तीला स्वतःच्या डोळ्यांनी जिवंत पाहिले आहे."

"काका, काहीतरी बोला," देओलिंदाबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काहीही. जिवंत माणूस बोलेल तसं."

"अगं, मागे वळून बघ की. इस्त्रीचा सदरा घालून आलोय तुझ्यासाठी."

"ऐकू येताय हो तुम्ही. पण इथे पाहिलं म्हणायचंय. आजवर खोटा शिक्का मारलेला नाही मी."

त्या वळल्या. सदरा खरंच इस्त्रीचा होता. काका मात्र बारीक झाले होते, आणि ते का, हे विचारता विचारता सात सेकंद संपले. मशीन झोपलं. उठलं तेव्हा अर्ज कोरा होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी दाढीचा आरसा आणला. तो पडद्याशेजारी टांगला, पण आरशात बघणं म्हणजे पडद्याकडे न बघणं हे मशीनला बरोबर कळत होतं. मग काका कमरेत वाकून बाईंच्या खांद्याशी आले, म्हणजे दोघांची नजर एकाच दिशेला राहील. पडदा काळा झाला, आणि कचेरीत अनोळखी इसम डोकावल्याची वर्दी वर गेली.

बाईंनी क्वारेझ्मांना फोन लावला.

"मशीनच्या मांडणीतून काही काढता येत नाही," क्वारेझ्मा म्हणाले. "भर घालता येते. काकांचा चेहरा वापरकर्ता म्हणून नोंदवून टाका. मग मशीन त्यांना परकं समजणार नाही."

काका खुर्चीत बसले, मशीनच्या डोळ्यात डोळा घातला. पडद्यावर मजकूर आला आणि खाली बटण आलं : मान्य.

"काय मान्य करायचंय?" काकांनी विचारलं.

"चौतीस पानं आहेत."

"मग मान्य," काका म्हणाले आणि बटण दाबलं.

आता सगळं जमलं. काकांच्या नजरेवर मशीन जागं राहिलं आणि देओलिंदाबाईंनी काकांना अगदी मन भरून पाहून घेतलं. काका जिवंत होते, याबद्दल त्यांना कसलीही शंका उरली नाही. त्यांनी अर्ज भरला आणि 'पाठवा'चं बटण दाबलं. उत्तर आलं : "एक वापरकर्ता दुसऱ्या वापरकर्त्यास प्रमाणित करू शकत नाही."

बाईंनी वळून रांगेकडे पाहिलं.

"मागे किती जण थांबलेत?" काकांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"नऊ."

"मग त्यांचं उरकून घे. मी बघत बसतो इकडे. तिकडे ऐंशी मीटर उंचीवर एका हुकाकडे बघत जन्म काढलाय, हा तर खाली आहे."

त्या दिवसापासून काका रोज येऊ लागले. ते पडद्याकडे बघत आणि बाई माणसांकडे. कुत्रे पुन्हा कुत्रे झाले. समोरच्या कॅफेतून काकांना कॉफी आणि भाजलेला पाव येई, तो ते पडद्यावरून नजर न हलवता खात. काकांच्या अंगावर थोडं मांस चढलं. शुक्रवार उलटून गेला होता खरा, पण देओलिंदाबाईंनी स्वतःच्या हाताने लक्झेंबर्गला पत्र लिहून टाकलं होतं : "अन्सेल्मो बिश्पू जिवंत आहेत. मी त्यांना रोज पाहते. ते माझ्या शेजारीच बसतात."

तीन आठवड्यांनी दोन पत्रं एकदम आली.

पहिलं वरून होतं. त्यात गेल्या पंधरवड्याचा अवधान-तक्ता होता, म्हणजे पडद्याकडे कोण किती वेळ बघतं याचा हिशेब. वापरकर्ता अन्सेल्मो : अठ्ठ्याण्णव टक्के. वापरकर्ती देओलिंदा : चार टक्के. अन्सेल्मो यांचं अभिनंदन, आणि देओलिंदा यांनी कार्यालयीन वेळेत त्या कुठे बघत असतात याचा खुलासा आठ दिवसांत करावा.

दुसरं पत्र लक्झेंबर्गचं होतं आणि फार सौजन्याने लिहिलेलं होतं. अन्सेल्मो हयात असल्याचं वाचून त्यांना आनंद झाला होता. त्यांनी गावकचेरीच्या मशीनच्या नोंदीही वरून मागवून घेतल्या होत्या, त्यांत अन्सेल्मो रोज आठ तास कामावर हजर असल्याचं दिसलं. या वयातली ही उमेद स्तुत्य आहे. मात्र नोकरीत असलेल्या माणसाला निवृत्तिवेतन देता येत नसल्याने ते बंद करण्यात येत आहे.

बाईंनी पत्र दोनदा वाचून दाखवलं.

"म्हणजे मेलो असतो तरी बंद, आणि जिवंत आहे म्हणूनही बंद," काका म्हणाले.

"हो."

"मग चालू राहायला काय असायला हवं होतं मी?"

"मधलं काहीतरी," बाई म्हणाल्या. हे त्या विनोदाने म्हणाल्या नाहीत.

काकांनी त्या दिवशीही पाच वाजेपर्यंत पडद्याकडे बघितलं, कारण मागे लोक होते. पण कॉफी तशीच राहिली. जाताना त्यांना टोपी चढवायला दोनदा प्रयत्न करावा लागला, आणि ते बघून देओलिंदाबाईंनी मनाशी काहीतरी ठरवलं.

त्यांनी पुन्हा क्वारेझ्मांना फोन केला. नोंदलेला वापरकर्ता काढता येत नाही, असं कळलं. त्याच्या जागी दुसरा देता येतो, आणि त्याला गावकचेरीच्या अध्यक्षांची सही लागते.

अध्यक्ष एर्मिनियू फाल्कातू दर बुधवारी अर्धा तास कचेरीत येत. एका हाताने ते सह्या करत, दुसऱ्या हातात फोन असे, आणि त्यांचे डोळे फोनवर असत. देओलिंदाबाईंनी अकरा कागद पुढे ठेवले. सातवा कागद वापरकर्ता बदलण्याचा होता. अन्सेल्मो यांच्या जागी स्वतः अध्यक्ष.

"साहेब, यातला सातवा एकदा वाचून घ्या," बाई म्हणाल्या. त्या फसवून सही घेणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"देओलिंदाबाई, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," अध्यक्ष फोनला म्हणाले, आणि त्यांनी अकराही सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी क्वारेझ्मा चेहरा नोंदवायला आले, तेव्हा अध्यक्ष अर्थातच नव्हते. क्वारेझ्मांच्या मोटारीचं पेट्रोल जळलं होतं आणि हेलपाटा वाया घालवणं बचतीच्या धोरणात बसत नव्हतं. माळ्यावर अध्यक्षांचा मागच्या निवडणुकीतला पुठ्ठ्याचा पुतळा होता, पूर्ण उंचीचा, दात दाखवणारा. तो मधोमध दुमडून खुर्चीत बसवला. मशीनने त्याच्याकडे पाहिलं आणि लिहिलं : "चेहरा समोर. डोळे उघडे. स्वागत आहे, अध्यक्ष महोदय."

"चालेल हे?" बाईंनी विचारलं.

"मशीनला चाललं," क्वारेझ्मा म्हणाले. "मला कोणी विचारत नाही."

मग पुतळा पडद्याकडे बघत राहिला आणि देओलिंदाबाई काकांकडे. काका नागरिकांच्या खिडकीत, टोपी हातात घेऊन उभे होते. आता नोंदीत ते ना वापरकर्ते होते, ना कामावर. बाईंनी अर्ज भरला, वेळ लिहिली आणि पाठवला. उशिराचा शेरा मारून अर्ज स्वीकारला गेला. पुढच्या महिन्यात पेन्शन पुन्हा सुरू झालं, आणि काका पत्ते खेळायला परत गेले.

अध्यक्षांचं अवधान महिनाअखेरीला शंभर टक्के भरलं. असं जिल्ह्यात कोणाचंच नव्हतं. त्यांना समारंभात ढाल मिळाली. ती कशाबद्दल हे त्यांना व्यासपीठावरच कळलं, तरी लोकसेवेवर त्यांनी वीस मिनिटं चांगलं भाषण केलं. गावातही मत बदलत होतं. एर्मेलिंदाआजींना डोळ्यांनी कमी दिसे. त्यांनी खुर्चीजवळ उभं राहून आपल्या गटाराची तक्रार पुतळ्याला पाव तास सांगितली आणि त्या समाधानाने घरी गेल्या. "पहिल्यांदाच पूर्ण ऐकून घेतलं त्याने," त्या म्हणाल्या. पुतळा पुठ्ठ्याचा आहे हे सुनेने सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार केला, पण मत बदललं नाही.

पुढच्या निवडणुकीत फाल्कातू पूर्वीच्या दुप्पट मतांनी निवडून आले. स्वतः ते प्रचाराला आले नाहीत. पुतळा तेवढा आठ दिवस चौकात नेऊन ठेवला होता. ही हकीकत लिस्बनच्या एका बातमीदारापर्यंत पोचली. तो गावात आला, आणि चर्चच्या पायरीवर बसलेल्या एर्मेलिंदाआजींसमोर त्याने वही उघडली.

"आजी, तुम्ही चक्क पुठ्ठ्याला मत दिलंत?"

आजींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्याचे डोळे वहीत होते.

"का रे बाबा," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे माणूस उभा असतो?"