काटकोनातली खोली

कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या सरांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना काम दिलं होतं: घरातली एक खोली टेपने मोजा, प्रोग्राम लिहून ती पडद्यावर उभी करा आणि खिडकीतून आत ऊन पाडा. वीस मार्क. घरातली धाकटी त्याच वर्गात. तिने बाहेरची खोली मोजली, तीन दिवस खपून प्रोग्राम लिहिला आणि ऊन पाडलं. ते खिडकीतून आलं, तसं कोपऱ्यातूनही आलं. दोन भिंतींच्या मध्ये छताला भिडणारी उभी फट होती.

तिने सगळी सूत्रं तपासली. मैत्रिणीने तपासली. चूक सापडेना, तेव्हा तिने खोली पुन्हा मोजली. समोरासमोरच्या भिंतींच्या लांबीत पावणेदोन इंचांचा फरक निघाला.

पंचाईत अशी, की घर वडिलांनी स्वतः बांधलेलं. वडील गवंडी. काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या लावल्याशिवाय ते विटेला हात लावत नसत, म्हणून गल्ली त्यांना गुण्याकाकाच म्हणायची. कुणाकडे चहाला गेले तरी त्यांची नजर आधी कोपऱ्याकडे जायची.

"बाबा, आपली टेप बिघडलीय का हो?"

"टेपेत काय बिघडायचंय? का?"

"खोली काटकोनात येत नाहीये."

"मग तुझ्या कॉम्प्युटरला विचार," वडील पेपरमागून म्हणाले. भाजी निवडणाऱ्या आईने मान वर केली आणि परत खाली घातली.

धाकटीला त्यांचा सूर कळला. तिने गुपचूप समोरासमोरच्या भिंती सारख्या लांबीच्या करून चारही कोपरे नव्वद अंशांचे केले. फट बुजली. वडिलांना पडद्यावर खोली दाखवली, तर ते "छान" म्हणाले आणि कोपऱ्यांकडे न बघताच उठले.

सरांनी मात्र शून्य दिलं.

"चारही कोपरे नव्वद? अशी खोली फक्त पुस्तकात असते. तू मोजलीच नाहीस. आकडे मनाने टाकलेस."

"मोजली सर."

"मग खरे आकडे दाखव."

खरे आकडे वहीत होते आणि वही दप्तरात होती. धाकटीने ती बाहेर काढली नाही.

घरी आल्यावर वडिलांनी किती मार्क पडले ते विचारलं. तिने सांगितलं. का पडले, तेही सांगावं लागलं. वडिलांनी पायातली चप्पल काढली होती, ती परत घातली.

"वही घे," ते म्हणाले.

सर कॉलेजातच होते. वडील त्यांच्या टेबलासमोर उभेच राहिले. "साहेब, पोरीने बरोबर मोजलं होतं. माझ्यासाठी सरळ केलं तिने. ती भिंत बांधताना ही पंधरा दिवसांची होती. रात्रंदिवस रडायची. मी डोळे मिटून काम करत होतो म्हणा ना. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, पण पाडायला हात धजेना. वीस वर्षं कुणाला बोललो नाही."

सरांनी वही चाळली. त्यांचा आवाज मऊ झाला. "मार्क बदलायचे तर फायलीला कागद लागतो. दोन ओळी लिहून द्याल?"

वडिलांनी पेन घेतलं. घर बांधून देताना ते करीत तशी ठसठशीत सही आधी केली, मग वर जागा सोडली होती तिथे लिहिलं, 'भिंत किंचित बाहेर गेली आहे.'

धाकटी त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. "बाबा," ती हळूच म्हणाली, "किंचित म्हणजे किती, ते प्रोग्रामला कळत नाही."

वडिलांनी सरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. 'किंचित' खोडलं आणि आकडा लिहिला.