मेश्रामकाका चाल बघतात

मेश्रामकाकांकडे जायचं तर फाटकापासून दारापर्यंत सरळ चालत जावं लागतं, आणि तेवढ्यात काका पायरीपाशी उकिडवे बसून तुमचे पाय बघत असतात. 'या, बसा' नंतर. आधी निदान. कॉलनीत नव्यानं आलेल्या एका साहेबांच्या बायकोला त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "तुमची डावी टाच घासून राहिली." त्या पुन्हा आल्या नाहीत. चप्पल मात्र बदलली म्हणे. निदान सांगून झालं की काका उठतात. उठायला वेळ लागतो, पण तोवर ते बोलत असतात, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही.

काका मूळचे नागपूरचे. रेल्वेत डबे तपासायचे. गाडी स्टेशनात शिरताना रुळाजवळ उकिडवं बसायचं आणि समोरून जाणारी चाकं, स्प्रिंगा, ब्रेक बघायचे, कान देऊन ऐकायचं. याला रोलिंग-इन म्हणतात. शेवटची बदली जयपूरला झाली. इथंच निवृत्त झाले, इथंच काकू गेल्या. मुलगी पुण्याला बोलावते, पण काका रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीत, आमच्या शेजारीच राहिले. गाड्या सुटल्या, उकिडवं बसणं सुटलं नाही. बिघडलेला डबा गाडीतून काढून ज्या रुळावर उभा करतात ती सिक लाइन. गल्लीत कुणाला ताप आला की काका विचारतात, "सिक लाइनवर घेतलं का त्याले?"

मला हे फार पटायचं. माझे बाबा युनियनचे. पलंगाखाली गावाकडून आलेल्या पत्रकांचे गठ्ठे असत, मराठी वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. आजारी पडायचा हक्क या देशात निदान डब्यांना तरी आहे, याचं मला समाधान वाटे.

मग कालूचं प्रकरण झालं. कॉलनीच्या भिंतीमागच्या मोकळ्या जागेत दर हिवाळ्यात चौमूं गावाकडून रामधनजी मेंढ्या घेऊन उतरतात. पलीकडेच रूळ आहेत. मेंढ्या तिकडे वळल्या की त्यांचा कुत्रा कालू आडवा धावून कळप परतवतो. यंदा कालू पुढच्या पायानं लंगडायला लागला. बसवून ठेवला की बरा व्हायचा, कामाला लावला की संध्याकाळपर्यंत पुन्हा लंगडा. रामधनजींनी ठरवलं, होळीनंतर कळप पुढे निघेल तेव्हा याला चौमूंला भावाच्या दारात बांधून जायचं.

मी पेटले. जन्मभर राबवून घ्यायचं आणि पाय गेला की साखळी, हा कुठला न्याय, असं बरंच काही हिंदीत सुनावलं. रामधनजींनी बिडी विझेपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेंढ्या रुळावर गेल्या तर तू धावशील का, बेटा?"

तोवर काका भिंतीपाशी येऊन बसले होते. त्यांनी कालूला दोनदा समोरून चालवायला लावलं. डावा पाय टेकला की कालूचं डोकं खाली जायचं. "डावी स्प्रिंग बसली," काका म्हणाले. त्यांनी कालूच्या गळ्यात लाल फडकं बांधलं, सिक जाहीर केलं आणि त्याला आपल्या अंगणात आणलं.

"बाबूजी, यो कुत्तो छै, डब्बो कोनी," रामधनजी मागून ओरडले. हा कुत्रा आहे, डबा नाही, हे जयपुरात काकांना पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

रोज तेल, शेक, पट्टी, सगळं डाव्या पायाला. कालू बरा झाला, कामावर गेला, लंगडत परत आला. पुन्हा पट्टी, पुन्हा तेच. होळी जवळ आली तेव्हा मी दोघांना रिक्षात घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कालूला व्हरांड्यात चालवलं, तेव्हा काकाही शेजारी उकिडवे बसले. बाई हसून म्हणाल्या की डोकं खाली जातं ते चांगल्या पायावर. दुखरा टेकला की कुत्रा डोकं वर उचलतो आणि भार दुसऱ्यावर टाकतो. म्हणजे दुखणं उजव्यात. उजव्या पंज्याच्या गादीत बाभळीच्या काट्याचं टोक निघालं. आराम मिळाला की जखम वरून मिटायची, पळाला की आतून सुजायची. जखम भरेपर्यंत विश्रांती, मग दोरीला धरून चालवणं, मग थोड्या मेंढ्या, मग कळप, असं बाईंनी सांगितलं.

परतताना काका कालूच्या डाव्या पायाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डबा जिकडं बिघडला तिकडंच झुकते. त्याले दुखत नाही न." घरी येऊन डाव्या पायाची पट्टी सोडताना कालूला म्हणाले, "खोटा रिपोर्ट दिला रे तुझा."

होळी झाली. रामधनजी कुरकुरत थांबले. काका सकाळ-संध्याकाळ कालूला दोरीनं फिरवत, आधी अंगणात, मग भिंतीमागे. शेवटी एका सकाळी त्याला पूर्ण कळपामागे सोडलं. मेंढ्या रुळाकडे वळल्या. कालू आडवा धावला, कळप वळवला आणि आमच्यासमोरून गेला. डोकं एका रेषेत. संध्याकाळीही तसंच. काकांनी लाल फडकं सोडलं. "फिट. जोडा गाडीले."

दुसऱ्या दिवशी कळप सीतापुऱ्याच्या रस्त्याला लागला. कालूनं मागे वळून पाहिलं नाही. तो ड्यूटीवर होता.

आम्ही घराकडे वळलो. काका पुढे, मी मागे. डावं पाऊल टेकलं की त्यांचा डावा खांदा खाली जात होता.

"काका, उजवा गुडघा दुखतो ना?"

ते फाटकात थांबले. "तुझी काकू पाहायची," ते म्हणाले. "मी ड्यूटीवरून आलो की ती तिथं बसलेली राहे, पायरीपाशी. आता कोणाले दाखवू?"

 मी जाऊन पायरीपाशी उकिडवी बसले. काकांनी शर्ट खाली ओढला, फाटकापासून निघाले. खांदे सरळ ठेवायचा फार प्रयत्न करत होते, पण दुसऱ्याच पावलाला डावा खांदा खाली गेला.

"सिक?" जवळ येऊन त्यांनी विचारलं.

"सिक. उद्या डॉक्टरकडे."

लाल फडकं अजून त्यांच्या मुठीत होतं. मी हात पुढे केला. त्यांनी ते दिलं आणि बांधून घ्यायला मनगट पुढे केलं.