नावाड्याची बायको गेली

बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन चालू असताना बाहेर बसलेल्या नवऱ्याने काय करावं, हे कुठेच लिहून ठेवलेलं नसतं. स्टोअरकीपरसाहेबांनी पहिली दहा मिनिटं भिंतीवरचे फलक वाचण्यात घालवली. 'शांतता राखा' हे वाचून मोबाइलचा आवाज बंद केला आणि तो पिशवीत टाकला. मग खुर्च्या मोजल्या. चोवीस, त्यांतल्या तीन मोडक्या. कारखान्याच्या भांडारात चौतीस वर्षं काढून रिटायर झालेला माणूस, वस्तू दिसली की मोजणारच. मोजण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्यांनी मांडीवरची बायकोची पिशवी उघडली. आत टॉवेल, चष्म्याचं घर आणि वाचनालयाची एक जाडजूड कादंबरी होती.

"ही कशाला घेतेस? डोळा दाखवायला चाललीयस की वाचायला?" सकाळी त्यांनी विचारलं होतं.

"नंबर लागेपर्यंत चार पानं होतील," ती म्हणाली होती.

साहेबांनी पुस्तक उघडलं ते निव्वळ वेळ जावा म्हणून. नदीकाठचा एक नावाडी, घरात आजारी बायको आणि वरून चढत चाललेलं पुराचं पाणी. तिसऱ्या पानाला साहेबांनी पाय लांब केले. दहाव्या पानाला चष्मा पुसला. एके काळी हा माणूस रस्त्याने वाचत चालायचा आणि विजेच्या खांबाची माफी मागायचा. बायकोची आणि त्यांची ओळख झाली तीही वाचनालयाच्या खिडकीशी, एकाच पुस्तकावरून भांडताना. पुढे नोकरी लागली आणि वाचायला नोंदवह्या उरल्या. "रिटायर झालो की दोघं मिळून वाचू," असं ते तिला म्हणायचे. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती आणि ती दोन्ही वर्षं टीव्हीसमोर गेली होती.

"मोतीबिंदूच्या आजींबरोबर कोण आलंय?" सिस्टरने दारातून विचारलं.

साहेबांचा डावा हात आपोआप वर झाला. मान वर न करता ते म्हणाले, "थांबा, बघतो." चौतीस वर्षं भांडाराच्या खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला त्यांनी हेच ऐकवलं होतं.

सिस्टर काही कारखान्यातल्या फिटरांइतकी सोशीक नव्हती. तिने जवळ येऊन त्यांच्या हातात चिठ्ठी कोंबली. "आजोबा, ऑपरेशन छान झालं. हे थेंब समोरच्या दुकानातून आणा. ते घातल्याशिवाय आजींना सोडता येणार नाही. लगेच या हं."

"हो हो, लगेच."

ते लगेच उठले, हे खरं. वाचत वाचत जिना उतरले, वाचत वाचत रस्ता ओलांडला आणि औषधाच्या दुकानात गर्दी दिसली म्हणून बाहेरच्या बाकावर टेकले. मध्येच कोणाचा तरी धक्का लागला, तेव्हा पान हरवू नये म्हणून हाताला लागलेला कागद त्यांनी खुणेला घातला. तो कागद म्हणजे थेंबांची चिठ्ठी. दुकानातली गर्दी ओसरली, पुन्हा झाली, पुन्हा ओसरली.

सिस्टरने अकरा वेळा फोन लावला. मग तिने त्यांच्या मुलीला कळवलं, "तुमचे वडील सापडत नाहीयेत." मुलगी ऑफिसातून तशीच उठली. वाटेत तिने बाबांच्या कारखान्यातल्या जुन्या वॉचमनकाकांना फोन केला. काकांनी आणखी दोघांना उठवलं आणि तीन रिटायर माणसं तीन दिशांना शोधायला निघाली. त्यांतलं एक स्वतःच वाट चुकलं.

तीन वाजता मुलीला बाबा औषधाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर दिसले. पिशवी छातीशी धरलेली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाबांना रडताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"बाबा! काय झालं?"

"गेली गं," साहेब हुंदका देत म्हणाले. "शेवटपर्यंत त्याची वाट बघत होती बिचारी. आणि हा गाढव वेळेवर आलाच नाही."

मुलगी मटकन खाली बसली आणि तिने हंबरडा फोडला. औषधवाला पाणी घेऊन धावला. दोन अनोळखी बायकांनी तिला पोटाशी धरलं. एका गृहस्थांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला, "धीर धरा."

साहेबांना वाटलं, यांनीही वाचलेली दिसतेय. "तुम्हालाही इथेच रडू आलं का?"

गृहस्थ गोंधळले. "कधी गेल्या?"

"आत्ताच. दोनशे अकराव्या पानावर."

मुलीने झटकन मान वर केली. "कोण गेलं, बाबा?"

"नावाड्याची बायको."

"आणि आई?"

तेव्हा कुठे साहेबांना चिठ्ठी आठवली.

थेंब घेऊन दोघं पोचले तेव्हा आजी दवाखान्यातल्या खोलीत एकट्याच बसल्या होत्या. एका डोळ्यावर पट्टी, हात मांडीवर. पावलांचा आवाज ओळखून त्यांनी मान वळवली. "तुम्हाला रस्त्यात काही झालं नाही ना हो?"

शिव्या दिल्या असत्या तर साहेबांना बरं वाटलं असतं. "नाही. वाचत बसलो होतो," ते कसंबसं म्हणाले.

"असं होय. आधी वाटलं, पडलात कुठेतरी. मग म्हटलं, नसतील पडले. उशीरच होतो त्यांना. सवय आहे मला."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. घरी जाताना साहेब पिशवी मांडीवर घेऊन गाडीत तिच्या शेजारी बसले. चार तासांच्या उशिराचं त्यांना एवढं काही वाटत नव्हतं. पण आता आठवत होतं, एखादं पुस्तक संपवून ती बाहेरच्या खोलीत यायची, कोणाला तरी सांगावंसं वाटतंय हे तोंडावर दिसत असायचं. "एक पान वाचून दाखवू?" म्हणायची. आणि टीव्हीवरची नजर न काढता साहेब डावा हात वर करायचे. हळूहळू तिने विचारणंच सोडलं होतं. केव्हापासून, हे आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. मोजमापात मुरलेल्या माणसाला तेवढं काही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले. डॉक्टरांनी तिला काही दिवस वाचायला मनाई केली होती.

"मी वाचून दाखवू?"

ती म्हणाली, "एका अटीवर. मला सोडून पुढे जायचं नाही."

"कबूल. तू कुठवर आली होतीस?"

"पन्नासाव्या पानावर."

साहेब एकशे एकसष्ट पानं मागे गेले. ते वाचू लागले. सुरुवातीला आवाज अडखळला, नंतर लागला. नावाड्याच्या बायकोला ताप भरला तेव्हा आजींनी चाचपडत त्यांचा हात धरला. "ही वाचेल ना हो?"

"बघू या," साहेब म्हणाले आणि खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

साठाव्या पानावर तिचा श्वास संथ झाला. डोळा मिटलेला, हात सैल. रात्री पुस्तकाला हात लावायचा धीर झाला नव्हता, पण नावाड्याचं पुढे काय झालं या विचाराने साहेबांचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यांनी पाच मिनिटं कळ काढली. मग अलगद, बोट ओलं करून, त्यांनी दोनशे बारावं पान उघडलं.

"पान उलटल्याचा आवाज येतो मला," आजी म्हणाल्या.

साहेबांनी पुस्तक मिटलं. थोड्या वेळाने ती खरोखरच झोपली. खिडकीतलं ऊन पलंगावरून खाली उतरलं, तरी ते पुस्तक मांडीवर मिटून, तिच्या जागं होण्याची वाट बघत बसून राहिले.